सगळं वर्तमानकाळात

३ मे १९९३
ठाण्याच्या एका कंपनीला स्टोअरकीपर हवाय. अर्ज करायचाच. डोंबिवली एमआयडीसीत सात वर्षं ॲसिडचे कॅन मोजतोय, कुणाला किंमत नाही. गुप्तता पाळायची. शेजारच्या टेबलावरच्या देवरामने आज विचारलं, बरा आहेस ना? याला कशाला चौकशी?

४ मे
बायोडेटा टाइप करायला मुद्दाम कल्याणला गेलेलो. डोंबिवलीत ओळखीचे फार. टायपिंगवाली जया म्हणाली, काका, तुमची बिस्किट कंपनी शहाऐंशीला बंद पडली ना, मग तिथलं सगळं भूतकाळात घालते. वर्तमानकाळात फक्त आत्ताची नोकरी. मग विचारते, ही आहे ना अजून?
'अजून' म्हणजे? हिला कुणी काय सांगितलंय?

५ मे
विचार केला. 'होता' आपण गेलेल्या माणसाला म्हणतो. ही आयडिया देवरामचीच असणार. त्याची बहीण कल्याणला राहते. संध्याकाळी परत जाऊन सगळं वर्तमानकाळात करून घेतलं. जया म्हणाली, काका, हे चुकतंय. मी म्हटलं, मॅट्रिकला इंग्रजीत बासष्ट आहेत मला. तेही वर्तमानकाळात.

७ मे
बायकोने, सरस्वतीने, कार्बन कॉपी वाचली. म्हणाली, अहो, यात तुम्ही दोन नोकऱ्या करताय आणि शाळेतही जाताय. हसली. सरस्वतीला इंग्रजीतले काळ कळतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लक्ष ठेवायला हवं.

१४ मे
इंटरव्ह्यू झकास. साहेबांनी विचारलं, बिस्किट कंपनीत सध्या काय करता? मी कागदावरचं सोडलं नाही. स्टोअर बघतो म्हटलं. आणि डोंबिवलीत? तिथेही स्टोअर. ड्युटी? जनरल शिफ्ट. दोन्हीकडे? हो. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. डोंबिवलीच्या कंपनीचा फोन नंबरही मागितला. म्हणजे सिलेक्शन झालंच. बिनधास्त दिला.

१८ मे
ठाण्याहून फोन आला तेव्हा मी गोडाउनमध्ये. देवरामने उचलला. जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन त्याने सांगितलं. हा एकच नोकरी करतो, आमच्याकडे, माणूस इमानदार आहे, असं त्याने तिकडे तीनदा सांगितलेलं. त्यावर ठाण्याचे साहेब म्हणाले, माल आहे आणि माल होता यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात स्टोअर कसं द्यायचं?
आपल्या साहेबांना यातलं काही कळू देणार नाही, असंही देवराम म्हणाला. मग स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यासमोर ठेवली.
यात त्याचा डाव काय, ते संध्याकाळपर्यंत शोधलं. सापडला नाही.