एक फाइल कॉपी झाली

१ जानेवारी १९९४, शनिवार. सकाळी ७
नवीन वर्ष, नवीन डायरी. (कंपनीची. फुकट.) आणि नवीन कॉम्प्युटर. म्हणजे जुनाच, ऑफिसने काढून टाकलेला. मानकोली नाक्यावरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात अठ्ठावीस वर्षं टायपिस्ट आहे, म्हणून साहेबांनी मलाच दिला.
संकल्प: आक्काचे सगळे धवले एप्रिलच्या आत मशीनमध्ये घालणे.
धवले म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नातली गाणी. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत, प्रत्येक विधीला वेगळं. आक्का, माझी थोरली बहीण, गेली चाळीस वर्षं गाते. काल्हेरपासून वडप्यापर्यंत धवलारीण म्हणून तिलाच नेतात. अक्षरओळख नाही, सगळं डोक्यात. वय अडुसष्ट. तिच्यानंतर कोण, हा प्रश्न आख्ख्या समाजाला पडलाय. उत्तर माझ्या टेबलावर आहे.

३ जानेवारी, सोमवार
काळ्या पडद्यावर सी असं अक्षर येतं नि पुढे एक रेघ लुकलुकत बसते. मी ‘नमस्कार’ टाइप केलं. मशीन म्हणालं, बॅड कमांड ऑर फाइल नेम. ‘धवले’ टाइप केलं. तेच. पाऊण तास तेच. मशीन सदोष आहे.
संध्याकाळी सिराजला बोलावलं. पूर्वी आमच्याच ऑफिसात होता, आता कॉम्प्युटर क्लासात शिकवतो. तो म्हणाला, “केसरीभाई, हा टाइपरायटर नाही. आधी याला सांगायचं कुठला प्रोग्राम काढ. आणि सांभाळून सांग. हा अर्थ नाही लावत, हुकूम पाळतो.”
म्हणजे शिस्तीचं मशीन. माझ्यासारखंच. आमचं जमेल.

९ जानेवारी, रविवार
शुभारंभ. आक्काने पडद्याला हळदकुंकू लावलं. मग समोर बसली. म्हणाली, “मांडव न्हाय, नवरी न्हाय. कोनाला गाऊ? या पेटीला?”
मी म्हटलं, हो, पेटीलाच.
गायली. मशीनमध्ये मराठी अक्षरं नाहीत, मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. चंद्रा (बायको) म्हणाली, अहो, हे वाचणार कोण? मी म्हटलं, पुढची पिढी. अडचण एकच. मध्येच “थांब” म्हटलं की आक्काला पुढचं आठवत नाही. परत पहिल्यापासून सुरू करते. तिची पद्धत शास्त्रीय नाही.
फाइलला ‘आक्काबाईंचे पारंपरिक धवले’ नाव द्यायचं होतं. आठच अक्षरं चालतात म्हणे. ‘धवले’ ठेवलं. तीन गाणी झाली. तेवढी फ्लॉपीवरही घेतली, सिराजच्या समाधानासाठी.

१४ जानेवारी, शुक्रवार
संक्रांत. सकाळपासून नऊ गाणी सलग झाली. अकराला लाइट गेली. शुक्रवारी यंत्रमाग बंद, म्हणून लाइटही जाते, हे भिवंडीत पाळण्यातल्या पोराला माहीत. मलाही माहीत होतं. पण मधे मधे सेव्ह करत बसलं की लय तुटते.
नऊ गाणी गेली. चूक वीज बोर्डाची.
आक्का उठली. पाणी प्यायली नि दुपारी नऊच्या नऊ परत गायली. हातावर तिळगूळ ठेवून म्हणाली, “केशा, खा रं.” आय गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन परत आलेल्या या बहिणीनेच मला भरवलं. अजून तसंच भरवते.

३० जानेवारी, रविवार
चंद्राची सूचना: “मी आक्कांच्या बाजूला बसते. त्यांच्या मागून म्हणत गेले तर पाठ होतील.” समजावून सांगितलं की माणसाची स्मरणशक्ती भरवशाची नसते, शिवाय दोघींच्या आवाजात मला शब्द कळत नाहीत. मग म्हणाली, निदान वहीत उतरवते. मी म्हटलं, एकविसावं शतक सहा वर्षांवर आलंय नि तू वही काढतेस.
आत निघून गेली. आक्का म्हणाली, “तिला बसू दे ना रं.” मी म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त.

२० फेब्रुवारी, रविवार
एकशे त्रेचाळीस! समाजाच्या इतिहासात नोंद व्हावी.
आक्काला खोकला. डॉक्टर म्हणाले, घशाला आराम द्या. मी त्यांना म्हटलं, थोडीच राहिलीत. आज नवरी निघतानाचा एक धवला गायली. तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आत्याने म्हटलेला. त्यानंतर कुणाच्याच लग्नात गायली नव्हती, अपशकून नको म्हणून. शेवटाला रडली. मी टाइप करत होतो, थांबलो नाही. मजकूर पूर्ण मिळाला.

२७ फेब्रुवारी, रविवार
सिराज येऊन गेला. म्हणाला, “आतल्या हार्ड डिस्कवर एकच कॉपी आहे? आजच फ्लॉपीवर घे. मी करून देऊ का?” मी म्हटलं, कालचा पोर नाही मी. मशीनच्या आतली डिस्क सी, बाहेरची फ्लॉपी ए. दोन अक्षरांचा तर खेळ.

६ मार्च, रविवार. दुपारी १२
फ्लॉपीवर कॉपी केली. जानेवारीतलीच फ्लॉपी घातली, हुकूम टाइप केला, एंटर. क्षणात उत्तर: एक फाइल कॉपी झाली. हो का नाही, काही विचारलं नाही. मशीनला आता माझ्या हाताची खात्री पटली आहे.
डिस्कवरचं सामान आवरून नीट लावणारा एक प्रोग्राम सिराजने मागे दिला होता. तोही चालवला. सगळं चकाचक.
जिलबी आणली. आक्काला म्हटलं, एकशे एकसष्ट. तुझं काम संपलं. म्हणाली, “आता मी मेली तरी चालंल.” काहीतरीच बोलते.

९ मार्च, बुधवार
पहाटे आक्का मोरीत पडली. उजवी बाजू गेली. वाचाही. सरकारी दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, बघू. ‘बघू’ म्हणजे बरी होणार. नाही तर स्पष्ट सांगितलं असतं.

१२ मार्च, शनिवार
दवाखान्यात तिला तिचेच धवले वाचून दाखवावेत, अशी कल्पना सुचली. कागदावर उतरवून घ्यायला फाइल उघडली.
तीन गाणी.
बंद करून उघडली. तीन. फ्लॉपीवरची उघडली. तीन. मशीन बंद करून दहा मिनिटं थंड होऊ दिलं. तीन.
सिराजला बोलावलं. त्याने विचारलं, हुकूम नेमका काय दिला होता? मी टाइप करून दाखवला. त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “केसरीभाई, तू ए पहिलं लिहिलंस. फ्लॉपीवरची जुनी फाइल आत घातलीस. नाव एकच, म्हणून आतली गेली.”
मी म्हटलं, मग त्याने विचारायला नको?
“नाही विचारत तो.”
परत काढ म्हटलं. तीन तास बसला होता. म्हणाला, वर आवराआवर केली नसतीस तर तुकडे तरी मिळाले असते. त्याने चहाही घेतला नाही.
चंद्राला सांगितलेलं नाही. तिला काळजी नको.

१५ मार्च, मंगळवार
नवीन योजना. आक्का महिन्याभरात बोलू लागेल. मग टेपरेकॉर्डर आणि मशीन, दोन्ही. रोज दहा गाणी. मे अखेर काम पूर्ण. या वेळी चंद्रालाही बसू देणार. वहीलाही हरकत नाही.

१९ मार्च, शनिवार
आज आक्काने डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. ओठ हलवले, आवाज नाही. मग बोटं पलंगाच्या पट्टीवर आपटली, मी आपटतो तशी. आणि बघत राहिली.
मला कळलं काय विचारते ते. मी म्हटलं, आहेत. सगळे आहेत, आक्का. एकशे एकसष्ट.
तिने माझ्या गालावरून हात फिरवला नि डोळे मिटले. झोपली.
बरी झाली की खरं सांगणार आहे.

२४ मार्च, गुरुवार
आक्का गेली.

८ एप्रिल, शुक्रवार
दुपारी वडप्याहून बाळाराम आला. चुलतभाऊ. मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न आहे. म्हणाला, “आक्का न्हाय, तं निदान तिचा हलदीचा धवला तरी मांडवात होवं दे. तुझे मशीनमदी हाय म्हनं. काढून दे ना.”
मी म्हटलं, लाइट नाही.
“मंग हातानं लिव. तूच तं टाइप केलास.”
चंद्राने कागद आणि पेन आणून ठेवलं. मी लिहिलं:
हलद कांडता कांडता सांज झाली बाय,
नवरीचे आयचा हात पिवला, डोला लाल हाय.
पुढचं आठवेना. ते गाणं मी दोनदा टाइप केलंय, लाइट गेली तेव्हा परत. पण टाइप करताना मी शब्द ऐकत नाही. सगळेच टायपिस्ट असे. म्हणून तर स्पीड येतो. आक्का समोर दोन महिने गायली, नि मी ऐकलीच नाही.
चंद्राकडे बघितलं. ती म्हणाली, “मला तुम्ही बसू दिलं नव्हतं.” रागाने नाही. नुसतं सांगितलं.
मग मी बाळारामला सांगून टाकलं. फाइल गेली, मीच घालवली. आक्काशी खोटं बोललो, तेही सांगितलं. चंद्रा दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.
बाळाराम उठला. मग कागदाची घडी केली, खिशात घातली, चपला घातल्या.
“जाऊ दे, केसरी,” म्हणाला. “येवढा रडू नको. बँड सांगितलाच हाय आमी.”