गुड फ्रायडेचे बटाटे

विल्फ,

काल वृद्धाश्रमात तू विचारलंस, "गुड फ्रायडे झाला ना? दरवर्षीसारखे बटाटे लावलेस?" मी हो म्हटलं. खोटं बोलले.

तू आश्रमात गेल्यापासून आपल्या भाडेपट्ट्याच्या मळ्यात रान माजलं होतं. मळ्यांच्या कमिटीने महिन्याभरात साफ करा नाहीतर मळा सोडा अशी नोटीस दिली, म्हणून मी घाईघाईने नांगरणीचं भाड्याचं मशीन फिरवलं. शेजारच्या मळ्यातला सिरिल म्हणाला, "अगं बाई, हरणखुरीच्या तणाची मुळं चिरलीस. आता तुकड्यातुकड्याची वेल होणार." तू तीस वर्षं ती मुळं बोटांनी उपसलीस. आता सगळीकडे तीच फुटलीय. आज मी मळ्याची किल्ली कमिटीला परत केली.

जुलैत दुकानातले बटाटे माती चोळून आणीन. पूर्वीसारखा वास ओळखून "हे आपले नव्हेत, खोटारडी कुठली" म्हणालास, तर किती बरं होईल.

पण तुला आता फरक कळणार नाही; तू मुकाट खाशील.

तुझीच,
एडना