मेंग सरांचा मूड आणि माझी पीएचडी

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. थीसिस सबमिट करायची मुदत चौदा तारखेपर्यंत. त्याआधी माझे गाइड मेंग सर यांच्या केबिनमध्ये जायचं आणि ताठ मानेनं परवानगी मागायची. घाबरतो की काय! अख्ख्या लॅबमध्ये सरांचा मूड ओळखणारा मी एकटा. सर गाडीचं दार कसं लावतात ते ऐकलं की मला कळतं. ज्युनियर रोज विचारतात, ग्यूहोदादा, आज हवा कशी?
आज दार आपटलं. उद्या बघू.

५ नोव्हेंबर, बुधवार
मास्टर्सच्या नाग्यंगचा आलेख सरांनी सगळ्यांसमोर फाडला. म्हणाले, हा आलेख आहे की सांडलेल्या नूडल्स? पोरगी रडली. माझं डोकंच फिरलं. सरांना चार शब्द सुनावणारच होतो, पण मग तुकडे कोण उचलणार? उचलले.
सर निघाल्याशिवाय लॅबमधून कुणी हलायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज; निषेध म्हणून सरांच्या आधी घरी गेलो. कोट खुर्चीवरच ठेवला, म्हणजे मी आहे असं वाटावं. थंडीनं मेलो.

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी: दर शनिवारी सरांबरोबर डोंगर चढायचा, ही कसली सक्ती? नाही जाणार म्हणजे नाही जाणार.
संध्याकाळी: गेलो. वाटेत खायच्या सगळ्यांच्या काकड्या माझ्याच पिशवीत होत्या. शिखरावर सर जाम खूश. मी दोन्ही हातांनी त्यांना तांदळाची दारू ओतली, मोठ्यांसमोर पिण्याच्या रीतीप्रमाणे तोंड वळवून स्वतः प्यायलो. विचारायची हीच वेळ होती. पण एवढा छान मूड कशाला नासवायचा?

१२ नोव्हेंबर, बुधवार
सर भडकलेले. मी लॅबला बजावलं, आज केबिनकडे कुणी फिरकायचं नाही. नाग्यंग म्हणाली, ओरडतील तर ओरडतील, दादा, खाणार थोडेच आहेत! आणि घुसली आत. आरडाओरडा झाला. मग तिच्या थीसिसची परवानगी घेऊन बाहेर!
नशीब एकेकाचं. पोरीला माणसांची पारख शून्य.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज सोक्षमोक्ष! दारापर्यंत पोचलो. सर फोनवर हसत होते. थांबलो. मग खोकले. खोकला हे वाईट लक्षण. परत आलो. दुपारी सर मीटिंगला गेले ते गेलेच. मुदत संपली. सगळी व्यवस्थाच सडकी आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
डोंगर. आज मात्र भीडभाड ठेवली नाही. म्हणजे विषय सरांनीच काढला. काय रे ग्यूहो, यंदाही सबमिट नाही केलंस? मी सप्टेंबरपासून वाट बघतोय, आज येशील, उद्या येशील. हो म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता? शेवटी मीच मनाशी म्हटलं, याला बहुतेक इथंच आवडत असेल.
सगळे बघत होते. मी सरांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि ठणकावून सांगितलं, हो सर, आवडतं.