अळणी ताट

१२ जानेवारी २००३, वसमत

एकशे सत्तर—खाली एकशे दहा! हळदीचा भाव असता तर संध्याकाळच्या एस.टी.नं पेपरला बातमी पाठवली असती. पण हा माझाच बी.पी.

डॉक्टर म्हणाले, "पेपरवाले, गोळी रोज. मीठ कमी. लोणचं, पापड, ठेचा बंद!" मी हसलो. पण घरी सायकल हातात धरून चालतच आलो. थोरल्या भावाला, नरसिंगदादालाही डॉक्टरांनी 'जरासं वाढलंय' एवढंच सांगितलं होतं. बाजारातून येता येता सायकलवरून पडला तो पडलाच. हृदय. तेव्हा माझ्या आताच्याच वयाचा होता.

१३ जानेवारी

षड्रसांतला एक गेला. अळणी वरण—व्याकरणशुद्ध, पण अर्थच नाही! बायकोला, शिलाला, तसं म्हटलं. "गुमान खा. आमाला तुमी पायजे, चव न्हाई."

१९ जानेवारी

पळवाट सापडली होती—सैंधव! उपासाला चालतं, म्हणजे ते मीठ नव्हेच. आठवडाभर ताकात घालून प्यायलो. आज डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं. "पंडितजी, मीठ ते मीठच. तुमच्या हृदयाला एकादशी कळत नाही."

२ फेब्रुवारी

बसस्टँडवर बातम्यांचा लिफाफा द्यायला गेलो, छातीत धडधड सुरू. पोत्यावर बसलो. लखमा हमाल—"काहून घामेघूम झाले, साहेब?" म्हटलं, "बातमी जड आहे." दादाही शेवटपर्यंत थट्टाच करत होता.

९ फेब्रुवारी

माझ्या ताटातलं लोणचं आता शिलाच्या ताटात. पापड, ठेचा, खारातल्या मिरच्याही. "एवढी भरणी घातली, ती काय उकिरड्यावर फेकू? काहून डोळे लावून राहिले?"

"माझं पाप तू खातेस. खरी सहधर्मचारिणी!"

हसली. मग कपाळाला फडकं बांधून पडली. डोकं दुखतंय म्हणे. माझ्या कटकटीनं असेल.

२३ फेब्रुवारी

एकशे अडतीस! वाचलो! उत्साहात म्हटलं, "डॉक्टर, हिचाही दंड बघा. माझ्यावर ओरडून हिचा पारा उतरला असेल."

शिला लाजत बसली. डॉक्टरांनी पट्टा फुगवला. पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या हाताला. माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "बाई, डोकं कधीपासून दुखतंय?"

दोनशे दहा.

२४ फेब्रुवारी

पहाटे तिच्या छातीत कळ आली. नांदेडला न्यायला जीप दारात आली, तिला आडवं केलं. मी घरातली लोणच्याची भरणी उचलून उकिरड्यावर पालथी केली. जीपमधून तिचा आवाज, अर्धाच—

"अवो... टाकून काहून देऊन राहिले..."