समोरच्या काड्या

हिमेजी, १८ नोव्हेंबर

प्रिय नोबुचान,

तुझा गुडघा कसा आहे? इकडे थंडी पडली. लोक आत्ता कोट धुवायला आणतायत. उन्हाळाभर काय झोपले होते कोण जाणे! दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

सहलीवरून येताना तुझा नीट निरोप घेता आला नाही. मला बस लागली होती.

सानुकीला उदोनच्या शेवया करायला शिकायला जायची कल्पना माझी, हे मंडळात कुणाच्या लक्षात तरी आहे का? तू ओकायामाला राहायला गेलीस म्हणून ड्रायव्हरच्या विनवण्या करून बस तिथं थांबवली. तू चढलीस आणि तुझ्यामागून या रित्सुकोबाई! "नोबुचान, खिडकीशी तू बस गं." नोबुचान! शाळेपासून त्या नावानं तुला मी एकटी हाक मारतेय. ही कालची शेजारीण!

पायांनी पीठ तुडवायला मास्तरांनी जोड्या करायला सांगितल्या. मी मोजे बदलून वळते तो तू तिचे खांदे धरून पिठावर नाचतेयस आणि दोघी खिदळताय. मी एकटीच तुडवत राहिले. मास्तर म्हणाले, "बाई, जरा हळू. पिठानं तुमचं काय घोडं मारलंय?" वर म्हणाले, आता त्याला निजू द्या. मला कुठला धीर! तसंच लाटायला घेतलं. लाटावं तितकं आक्रसत गेलं. उदोन सुतळीसारखे जाडजूड निघाले.

जेवताना सगळ्यांचे उदोन एकाच लाकडी टोपात. तू नेमका माझा उचललास. "हा तामाएचाच! बघ रित्सुको, रस्सीखेच खेळता येईल." सगळ्या हसल्या. हसू देत. पण तू तो तिच्या वाडग्याकडे नेलास. माझा उदोन, तिला! मी माझ्या जेवायच्या काड्या पुढे घातल्या आणि दुसरं टोक धरलं.

रित्सुकोबाईंनी तोंडावर हात ठेवला. भर जेवणात मी अस्थी उचलल्यासारखं केलं होतं. गेल्या वर्षी दहनानंतर तुझ्या यजमानांच्या, शिगेओभाऊजींच्या अस्थी आपण अशाच एकेक करून उचलल्या, एका बाजूनं तुझ्या काड्या, समोरून माझ्या. परवा तू काड्या खाली ठेवल्यास आणि नंतर घासही घेतला नाहीस.

मला बस लागली नव्हती गं.

मला वाटलं होतं, ते काम आपण दोघींनी मिळून केलं, आता मध्ये कोणी यायचं नाही. तू इथं होतीस तोवर रोज तुझ्याकडे आले, तुझ्याबरोबर रडले. हसवायचं मात्र मला जमलं नाही. या बाईनं ते येता-जाता करून टाकलं. जळते मी तिच्यावर. झालं, लिहिलं एकदाचं.

त्या घासाची माफी मागते. तिचीही मागितली म्हणून सांग. पण 'नोबुचान' तेवढं बंद करायला लाव.

आणखी एक. मला मूलबाळ नाही, तुला ठाऊक आहे. माझ्या अस्थी उचलायची वेळ येईल तेव्हा एका बाजूला कोणीही असो, समोरच्या काड्या तुझ्याच हातात असू देत. रित्सुकोबाई आल्याच, तर त्यांना बाहेर चहा दे.

तोवर गुडघा शेकत जा. तुला माझ्यामागे राहायचंय.

तुझ्यावरचा हक्क न सोडणारी,
तामाए