पुलावरून काढलेलं पाणी

आबा, जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सोमवारी पिंपरीच्या खालच्या अंगाला पवनेत मासे मेले.
२. त्याच जागी प्राणवायू पुरेसा असल्याचा अहवाल आमच्या प्रयोगशाळेने दिला होता.
३. तो अहवाल माझा होता.
४. आज, बुधवारी, मी पाण्यात उतरून पुन्हा नमुना घेतला. प्राणवायू जवळजवळ नाहीच.

तुमच्याबरोबर जाळं टाकणारे काका सोमवारी काठावर होते. मेलेला मासा माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुझा कागद म्हनतोय, पानी ब्येस हाय. मंग ह्यो काय रुसून मेला व्हय गं?" बाकीचे हसले. खंड्याही त्याच्या नेहमीच्या फांदीवर नव्हता.

प्राणवायूच्या चाचणीची बाटली पाण्याखाली धरून भरतात. आत हवेचा बुडबुडाही जाता कामा नये, नाहीतर गुदमरलेलं पाणीही निरोगी दिसतं. हे परीक्षेत लिहून मी पहिला वर्ग मिळवला, आणि नोकरीला लागल्यापासून पुलावरून बादली सोडून पाणी वरून बाटलीत ओतत राहिले. काठ निसरडा आहे, असं साहेबांना सांगितलं होतं. खरं म्हणजे, भोयाची पोर पुन्हा गुडघाभर पाण्यात उभी आहे, हे कुणाला दिसायला नको होतं.

मी सात वर्षांची असेन. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे आहात, मी तांब्या बुडवते आणि तो गुडगुडतो. मासे बुजतात म्हणून तुम्ही दटावता, "आडवा धर की! हळू पिऊ दे त्याला, ढोसू नको." मला राग येतो. आज साडी खोचून उतरले आणि बाटली तशीच आडवी धरली. आवाज झाला नाही.

मासे मेले त्याच्या जरा वर एका कारखान्याचा नाला नदीत येतो. तो पुढेही सोडू द्यायचा की नाही, हे शुक्रवारी ठरणार आहे, आणि बैठकीत माझाच जुना अहवाल ठेवतील. साहेब म्हणाले, "बाई, दुरुस्ती दिलीत तर आधीचे सगळे कागद खोटे ठरतील. तुमची नोकरी अजून कच्ची आहे, एवढं लक्षात ठेवा." ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

पण नाल्याच्या वर, चिंचवडकडे, पाणी चांगलं आहे. तिथलाही नमुना घेतला. माशांची बोटाएवढी पिल्लं झुंडीने येऊन माझ्या घोट्यांना टोचत होती. नाला थांबला तर ती खाली उतरतील. हे मी अहवालात लिहू शकत नाही, तुम्हाला लिहिते.

दुरुस्तीवर सही केली आहे, त्यामुळे परवानगी मागत नाही. तुम्ही गेलात, हे पत्र आता कुठल्याच पेटीत पडणार नाही, हेही मला कळतं. फक्त भीती वाटते आहे, आणि तसं सांगण्याजोगं घरात दुसरं कुणी नाही. कागद शुक्रवारी सकाळी देणार आहे. गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.