चौकटीतलं गवत

४ नोव्हेंबर
मोठी ओहोटी. नाववाल्या मावशीबरोबर सागरी गवतावर गेले. लोखंडी चौकट चिखलात टेकवली, आतली रोपं मोजली — एकसष्ट! आधीच्या मोजणीदारांच्या वहीत, याच जागी, वर्षानुवर्षं दोनशेच्या आसपास. पुन्हा मोजली. एकसष्टच.

मावशी वल्ह्यावर हनुवटी टेकून बघत होती. "गवत मोजायचा पगार मिळतो होय! माझे केस मोज, तेही तेवढेच उरलेत." खूप हसले. इथे माझ्याशी बोलणारं माणूस एकच, ते म्हणजे ही.

७ नोव्हेंबर
अहवाल धाडला. आमच्या नकाशात भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र, हा अख्खा पट्टा एकाच रंगाचा आहे. त्यातली निम्मी मासळी लहानपणी या गवतात वाढते, मग खोल पाण्यात जाते. गवत गेलं की सगळंच गेलं. साहेब फोनवर — "शाब्बास! वेळेवर पकडलंत." सांगायला कोणी नव्हतं. भिंतीला सांगितलं.

१६ नोव्हेंबर
गवतावर जाळं टाकायला बंदी. नोटीस मीच चिकटवली. मावशी तिथेच जाळं ओढते, कोळंबी आणि बारीक मासे. दुसरं काही तिला येत नाही. वाचताही येत नाही, म्हणून मलाच वाचायला लावलं. शेवटपर्यंत ऐकलं.

"माझ्याच नावेतून नेलं तुला," एवढंच म्हणाली.

१७ नोव्हेंबर
दिवसभर कोणी बोललं नाही.

२६ नोव्हेंबर
माझ्या आधीच्या मोजणीदारांना फोन केला. काम काही नव्हतं, कोणाचा तरी आवाज हवा होता. सहज विचारलं — इतकी रोपं वाकून मोजताना कंबर धरायची नाही? "रोपं? छे हो! मी पाती मोजायचो. वरून दिसतात की!"

एका रोपाला तीन-चार पाती. एकसष्ट रोपं म्हणजे दोनशे पाती. गवत होतं तस्संच आहे! तक्त्यात नुसताच 'संख्या' असा रकाना. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आणि स्वतःला शहाणी म्हणवते!

२७ नोव्हेंबर
साहेब म्हणाले, "राहू दे की बंदी. गवताचं काय वाईट होणार आहे? उगाच हसं कशाला करून घेता?" क्षणभर मोह झाला, खोटं कशाला लिहू. मग लेखी दिलं — चूक माझी.

मावशीकडे गेले नाही. बंदी उठल्याचा कागद हातात आला की जाईन. रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जाऊ?

१० डिसेंबर
कागद नाही. खिडकीतून मावशीची नाव दिसते, उपडी पडलेली. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली.

१८ डिसेंबर
बंदी उठली! कागद घेऊन धावतच गेले. दाराला कुलूप. शेजारीण भांडी घासत होती. म्हणाली, परवाच नाव विकून मुलाकडे गेली, आता काही परत येत नाही. मी पायरीवरच बसले. शेजारीण हात पुसत जवळ आली. "तुम्हीच ना त्या गवतवाल्या? मला बजावून गेलीय — पोरगी एकटी असते, तिच्याशी बोलत जा."